तीन घरांचा धूर

कारा-बुलुन गावात घरं मोजत नाहीत, धूर मोजतात. लग्नाची वर्गणी काढायची असो की कालव्याच्या कामाला माणसं पाठवायची असोत, "दर धुरामागे एक" असंच म्हणतात. उलकानच्या गल्लीत सतरा धूर. आणि दोन बायकांचं भांडण अगदी हातघाईवर आलं, तर शेवटची, सगळ्यात जहरी शिवी एकच: "तुझा धूर विझो!" ती एकदा तोंडातून गेली की पुढची दोन-चार वर्षं तरी त्या दोघींचं बोलणं बंद.

हे आधी सांगितलेलं बरं, कारण उलकानने जे केलं ते सगळं या धुरापायी.

उलकान गावच्या दवाखान्यात झाडलोट करायची आणि तिथली विटांची चूल सांभाळायची. चौपन्न वर्षांची, ठेंगणी, दणकट हाडाची बाई. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन डोंगरापलीकडे ओश शहरात. पगार असा की महिना अर्धा सरला की पाकीट उपडं करून झटकावं लागे. पण "आता कसं व्हायचं?" हे शब्द तिच्या तोंडून गल्लीत कुणी ऐकले नव्हते. ज्यांच्या गोठ्यात दोन गायी होत्या ते दिवसातून चारदा म्हणायचे.

दवाखान्याच्या चुलीतली राख रोज बाहेर टाकायचं काम तिचंच. ती आधी जुन्या चाळणीने राख चाळायची. अर्धवट जळलेले कोळशाचे खडे वर राहायचे, ते बादलीत घालून घरी न्यायची. एकदा दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "एजे, खडे कसले वेचताय? चांगल्या कोळशाची एक बादली न्या की. कोण मोजतंय इथे?"

एजे म्हणजे मोठी बहीण. गल्लीतली अर्धी माणसं तिला एजेच म्हणायची.

"मी मोजतेय," उलकान म्हणाली. "कोळसा आजाऱ्यांचा, राख माझी."

त्या वर्षी ऑक्टोबरात इशेनबायचा ट्रक गल्लीत शिरला, तेव्हा बायका नेहमीसारख्या धावत बाहेर आल्या नाहीत. भाव आधीच कानावर आला होता. इशेनबाय गल्लीच्या वरच्या टोकाला राहायचा. दरवर्षी खिंडीपलीकडच्या खाणीतून कोळसा आणून गल्लीला पुरवायचा. तो खाली उतरला, टोपी मागे सारून उलकानच्या फाटकाशी उभा राहिला आणि भाव सांगितला.

"का रे? यंदा सोन्याच्या खाणीतून आणलास की काय?" उलकानने विचारलं.

"कोळसा तोच आहे, एजे. डिझेल महागलं. गाडी भरलेली असो की रिकामी, खिंड चढताना नुसती घटाघटा पिते."

"पिते ना? मग तिला सांग, जरा आमच्यासारखी कोऱ्या चहावर राहा म्हणावं."

"सांगून बघितलं. ऐकत नाही."

"आणि माझ्या पगाराला कुणी सांगितलंच नाही वाटतं, डिझेल महागलं म्हणून. तो बिचारा अजून परवाच्याच वर्षात आहे."

इशेनबाय हसला, पण कसनुसा. त्याच्याही घरी खाणारी सहा तोंडं होती. टायर गुळगुळीत झाले होते आणि नवे घ्यायची ऐपत नव्हती. भाव घोड्यावर आणि पगार पायी, असं गल्लीत तेव्हा सगळेच म्हणत होते. पीठ महागलं, तेल महागलं, जिल्ह्याच्या गावाला जाणाऱ्या टॅक्सीचं भाडं ऐकून म्हाताऱ्या माणसांनी दातदुखी अंगावर काढायला सुरुवात केली होती.

तिथला हिवाळा ऑक्टोबरच्या अखेरीला येतो आणि एप्रिलपर्यंत उठायचं नाव घेत नाही. एका घराला चार टन कोळसा सहज लागतो. उलकानला दीड टन परवडला. ट्रक गेल्यावर ती अंगणात त्या ढिगाशी उभी राहिली. मग तिने डावीकडच्या भिंतीवरून पाहिलं. तिकडे जिपारचं घर. जिपार बालवाडीत शिकवायची, पदरात दोन लहान मुली, नवरा मॉस्कोत. तिचा ढीग उलकानच्या ढिगाएवढाही नव्हता. उजवीकडच्या भिंतीपलीकडे शेकेर-आपाचं घर. आईच्या वयाच्या बाईला तिकडे आपा म्हणतात, आणि शेकेर-आपा एकोणऐंशीची असल्याने ती सगळ्या गल्लीचीच आपा होती. तिच्या अंगणात एवढासाच कोळसा, गाढवाच्या एका खेपेत यावा इतका.

उलकान पुन्हा एकदा डावीकडे बघून आली, उजवीकडे बघून आली आणि एकटीच हसली. तीन ढिगांत मिळून एक आख्खा हिवाळा होता.

जिपारला फार सांगावं लागलं नाही. "तिन्ही घरचा कोळसा माझ्या एका चुलीत घालू, सगळ्याजणी माझ्याकडे राहू," एवढं ऐकल्यावर ती म्हणाली, "एजे, मुलींच्या गाद्या आजच आणू की उद्या?"

शेकेर-आपाचं तसं नव्हतं. तिने आधी चहा दिला, पाव पुढे केला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि माझं घर?"

"घर कुठे पळून जातंय, आपा? एप्रिलमध्ये परत या."

"घर जात नाही, पोरी, धूर जातो." म्हातारीने चुलीकडे हात केला. "सतरा वर्षांची होते मी. या चुलीतून पहिला धूर निघाला त्या दिवशी त्यांनी बोकड कापला होता. बासष्ट वर्षं झाली, एक सकाळ चुकली नाही. ते गेले त्या सकाळीसुद्धा नाही. आणि माझा तेमिरकुल तिकडे रशियात अकरा वर्षं विटा रचतोय. धूर विझलेल्या घराकडे कुणाचा मुलगा परत येतो का? सांग बघू."

मेंढवाड्याचं फाटक गेल्या हिवाळ्यात त्या चुलीत गेलं होतं, हे उलकानला माहीत होतं. यंदा माळ्याची शिडी गेली असती. त्यानंतर जाळायला काही उरलं नसतं, आणि मग एका सकाळी म्हातारीच गेलेली सापडली असती. तिला ते डोळ्यांसमोर दिसलं.

"आपा, तुम्ही माझ्याकडे राहिलात, आणि धूर मात्र इथून रोज निघाला, तर?"

"म्हणजे? धूर काय माझं भूत काढणार?"

"मी काढीन. रोज सकाळी, डोंगरावर ऊन यायच्या आत. तुमच्याच चुलीतून, तुमच्याच धुराड्यातून."

शेकेर-आपाने तिच्याकडे निरखून पाहिलं. ही थट्टा करत नाही, हे तिला कळलं.

"शब्द दे."

"दिला."

"आणि एक सकाळ जरी चुकली, तरी मी माझं बोचकं उचलून इथे परत येणार. मग गारठून मेले तरी तू माझं दार वाजवायचं नाही."

"ठरलं," उलकान म्हणाली.

बोलणं सोपं होतं. धूर काढायचा म्हणजे काहीतरी जाळायला हवं, आणि तिन्ही घरचा कोळसा तर एका चुलीसाठी राखलेला. पण उलकानने उन्हाळाभर लोकांचे गोठे झाडून गोवऱ्या थापल्या होत्या. त्यात एक गोष्ट तिला ठाऊक होती. ओल्या गोवरीला जाळ नसतो, पण धूर असा निघतो की बघत राहावं. ज्या बाईच्या गोवऱ्या ओल्या राहिल्या तिला गल्लीत फुवड म्हणतात. उलकानने मुद्दाम एक रास पाणी शिंपडून ओलसर ठेवली आणि वर पोतं टाकून लपवली. फुवडपणा इतक्या निगुतीने करणारी बाई त्या गावात दुसरी झाली नसेल.

पहिल्या सकाळी फजितीच झाली. रिकाम्या घराचं धुराडं बर्फासारखं गार, धूर वर चढेना. जेमतेम एक बट वर गेली, बाकीचा सगळा उलटा खोलीत आला आणि उलकान कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिने जिपारकडून बालवाडीतले रंगवून झालेले कागद घेतले, आधी ते धुराड्याच्या तोंडाशी पेटवून धुराडं जरा शेकलं, आणि मग गोवऱ्या सारल्या. धूर सरळ वर गेला. त्या थंडीत वारा नसतोच. धूर खांबासारखा उभा राहतो.

त्या दिवसापासून तिचा क्रम ठरला. साडेपाचला उठायचं, एका हातात गोवऱ्यांची बादली, दुसऱ्या हातात फावडं. शेकेर-आपाच्या घरातून धूर काढायचा, मग जिपारच्या घरातून. जिपारने कधी मागितला नव्हता, पण एकीचा निघतो आणि दुसरीचा नाही, हे उलकानला बरं दिसेना. शिवाय जिपारच्या थोरल्या मुलीने "आमचा धूर कुठला?" असं विचारलं होतं. तिथून मग दवाखाना. सात वाजता तिथली चूल तापलेली लागायची. उणे तीस अंशांत, एवढुशा पगारावर काम करणारी ही बाई रोज सकाळी तीन चुली पेटवायची. त्यातल्या दोन तर नुसत्या लोकांनी बघाव्यात म्हणून.

आणि शेकेर-आपा खिडकीशी बसून परीक्षा घ्यायची.

"आज फार पातळ होता गं. लोकांना वाटेल, म्हातारी उपाशी आहे."

"उद्या जाड काढते, आपा."

"आणि जिपारचा माझ्यापेक्षा उंच गेला. तिच्यात काय घातलंस?"

"तिच्यात रंगीत कागद होते."

"मग माझ्यात का नाही?"

गल्लीत कुणाला काही कळलं नाही. दिवसा बायका एकमेकींकडे चहाला जातातच, आणि अंधार पडल्यावर त्या थंडीत नाक बाहेर काढणारा कोण? उलकानच्या एका खोलीत पाच जणी दाटीवाटीने राहिल्या. एका कढईत रस्सा, एका किटलीत चहा, एका दिव्याखाली जिपार कागद कातरायची आणि म्हातारी मुलींना लांडग्याच्या गोष्टी सांगायची. नऊ वर्षं एकटीने जेवलेल्या उलकानला कधी कधी उगाचच भरून यायचं. मग ती उठून चुलीत एक खडा टाकायची आणि धूर डोळ्यांत गेला म्हणायची.

फेब्रुवारीत गावात तापाची साथ आली. दवाखान्यात खोकणाऱ्या माणसांची ओळच्या ओळ लागली. पाचव्या दिवशी उलकान घरी आली तेव्हा तिचं अंग ठणकत होतं. "उद्या बरं वाटेल," असं म्हणून ती न जेवता पडली. रात्रभर बर्फ पडत होतं.

तिला जाग आली ती माणसांच्या रडण्याने. चांगलं ऊन भिंतीवर आलं होतं. खोलीत कुणी नव्हतं, नुसती किटली चुलीवर वाफ टाकत होती. ऊन बघताच तिच्या ध्यानात आलं. धूर राहिला! ती रजई लपेटून भिंतीला धरत धरत खिडकीपाशी गेली.

शेकेर-आपाच्या अंगणात अर्धी गल्ली जमली होती. झालं होतं असं की इशेनबाय सकाळी ट्रकचं इंजिन शेकायला बाहेर आला, आणि सवयीने त्याने खाली नजर टाकली. जिपारचा धूर नाही, पण ती कामाला गेली असेल; शेकेर-आपाचाही धूर नाही. जवळ येऊन बघतो तर रात्रीच्या बर्फावर दारापुढे एक पाऊल नाही. हाका मारल्या, ओ नाही. दुसऱ्या कुठल्या गावात माणूस आधी दार उघडून बघेल. पण कारा-बुलुनमध्ये मयताच्या घरी जो पहिला पोचतो त्याने मोठ्याने रडायचं असतं. नाही रडला तर त्याला जन्मभर दगड म्हणतात. तेव्हा इशेनबाय आधी रडला. कमरेवर हात ठेवून, वाकून, रीतीप्रमाणे: "अगं माझ्या आई गं! आम्हाला टाकून कुठं गेलीस गं!" ते ऐकून बाकीचे आले. कुणी पाव आणले, कुणी चहा, आणि दुःखाच्या घरी मोठी चूल पेटते म्हणून कुणी कोळसा, कुणी गोवऱ्या. पलीकडच्या एका बाईने गुणगान गात रडायला सुरुवात केली होती: तुझ्या हाताचा पाव आता कोण देईल, तुझ्या मेंढ्या आता कुणाच्या हाकेला येतील.

आणि उलकानच्या दाराच्या पायरीवर, हातात चहाचा वाडगा घेऊन, शेकेर-आपा हे सगळं मन लावून ऐकत उभी होती.

"कोण गेलं रे?" तिने विचारलं.

इशेनबायचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "आपा... तुम्ही."

"मी? मला कुणी काही बोललं नाही ते!"

कुणाला हसावं की पळावं कळेना. रडणारी बाई मधेच थांबली होती. शेकेर-आपा तिच्याकडे वळली. "थांबलीस का गं? चालू दे. जिवंतपणी माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. ते मेंढ्यांचं परत म्हण बघू."

तेव्हा हशा पिकला. पण इशेनबायच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि जरा रागानेच विचारलं, "मग धूर का नाही?"

रजई गुंडाळलेली उलकान दारात येऊन उभी होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने तीन ढिगांचं सांगितलं, एका चुलीचं सांगितलं, ओल्या गोवऱ्यांचं सांगितलं. सांगताना तिची मान खाली होती, जणू चोरी पकडली गेली.

"म्हणजे चार महिने आम्ही खोटा धूर बघत होतो?" मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढं मात्र उलकानला लागलं. तिने मान वर केली. "खोटा कसा? चूल खरी, गोवरी खरी, तुमच्या नाकात गेला तोही खराच. माणूस तेवढं शेजारच्या घरात होतं."

लोक हळूहळू आणलेलं सामान उचलू लागले.

"ए, ठेवा ते खाली!" शेकेर-आपा कडाडली. "मेलेल्या म्हातारीच्या नावाने आणलेलं परत नेता? न्यायचंच असेल तर जरा थांबा, मी आत जाऊन मरून येते."

सगळ्यात आधी इशेनबायने अर्धं पोतं कोळसा उलकानच्या भिंतीशी ठेवला. "भाव वाढलेलाच आहे, एजे," तो म्हणाला, "पण या पोत्याला लागू नाही." मग एकेकाने आपापलं ठेवलं आणि गल्ली रिकामी झाली.

उलकान आत येऊन गादीवर बसली. तिला हसू येत नव्हतं. शब्द दिला होता आणि मोडला होता. शेकेर-आपाने शाल बांधली, कोपऱ्यातली बादली उचलली, वरून दोन रंगीत कागद घेतले आणि काठी टेकत दाराबाहेर पडली.

"आपा!" उलकानने हाक मारली. "एक दिवस चुकला हो. अंगात ताप होता."

म्हातारीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. उलकान उठायला गेली, पण पुन्हा गादीवर बसली. खिडकीतून तिला दिसलं, म्हातारी गुडघाभर बर्फातून आपल्या दाराशी गेली, दाराला खांदा लावला आणि आत नाहीशी झाली. फेब्रुवारी, मार्च, अर्धा एप्रिल. त्या घरात जाळायला आता शिडी तेवढी होती. उलकानला रडू आवरेना. चार महिने एकही सकाळ चुकली नव्हती, आणि चुकायची ती अशी चुकली.

थोड्या वेळाने शेकेर-आपाच्या धुराड्यातून धूर निघाला. दाट, पांढरा, सरळ वर. गेली म्हणजे गेलीच, असं उलकानने मनाशी म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

बऱ्याच वेळाने तिने पुन्हा खिडकीकडे पाहिलं. या वेळी डावीकडे. जिपारच्या धुराड्यातूनही धूर निघत होता.

ती बघत असतानाच दार उघडलं. रिकामी बादली आधी आत आली आणि मागून शेकेर-आपा. नाकावर काजळी, भुवयांवर बर्फ, आणि धाप लागलेली.

"आपा, माझा शब्द मोडला," उलकान म्हणाली.

"कुठे मोडला?" म्हातारी चुलीपाशी टेकली. "पहाटे नमाजाला उठले तर तुझं कपाळ तव्यासारखं तापलेलं. आणि तू झोपेतच उठायला बघत होतीस, बादली कुठे, बादली कुठे म्हणत. मीच तुला दाबून धरलं. वर माझी रजई घातली. जिपारला मुली घेऊन दवाखान्याची चूल पेटवायला धाडलं. चहा पिऊन धुराचं बघू म्हटलं, तर त्याआधी हे सगळे मला पुरायला हजर."

"पण बासष्ट वर्षं, आपा. एक सकाळ चुकली नव्हती."

"नव्हती," शेकेर-आपा म्हणाली. तिने किटली पुढे ओढली, वाडग्यात चहा ओतला आणि उलकानच्या हातात दिला. "तुझ्यासाठी चुकवली. आता पी आणि झोप. आणि बरी झालीस की आधी गोवऱ्या भिजव. त्या वाळायला लागल्यात."